शार्कच्या दातांच्या पुडीत निघालेला अनोळखी जीवाश्म ओळखायचा कसा

जीवाश्म झालेले शार्कचे दात सुटे, पुडीत किंवा थेट किलोवर विकले जातात. खाणीत किंवा नदीकाठी गाळ चाळताना चाळणीवर जे राहतं ते सगळं एका ढिगात जातं, आणि ढिगाची पुडी होते. पुडी भरणारा दातांकडे बघत असतो, बाकीच्या तुकड्यांकडे नाही. म्हणून जवळजवळ प्रत्येक मोठ्या पुडीत दात नसलेलं किंवा दात असूनही शार्कचा नसलेलं काहीतरी निघतंच. नागपुरात बसून ऑनलाइन मागवलेल्या पुडीतला असा तुकडा घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतो. त्यासाठी महाग साधनं लागत नाहीत, कामाचा क्रम मात्र पाळावा लागतो.

बहुतेक जण फोनवर फोटो काढून फोटो-सर्चला देतात. तिथून 'डायनासोरचं नख' किंवा 'मॅमथचा दात' असं उत्तर येतं, कारण इंटरनेटवर ज्या वस्तूचे फोटो जास्त त्या वस्तूकडे सर्च झुकतो. आकार फसवा असतो. मगरीचा दात, शिकारी माशाचा सुळा आणि करवत माशाच्या करवतीचा काटा हे तिन्ही टोकदार आणि तपकिरीच दिसतात. म्हणून आधी तुकडा कुठला ते बघायचं, मग तो कशाचा बनला आहे ते, त्यानंतर आतली रचना, आणि आकार सगळ्यात शेवटी.

पुडी आधी, तुकडा नंतर

पुडीचं पाकीट, बिल आणि विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: देश कोणता, खाण किंवा नदी कोणती, आणि माल वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करून एकत्र केला का. 'आफ्रिका' किंवा 'अमेरिका' एवढंच उत्तर आलं तरी ते तारखेसह लिहून ठेवा.

विक्रेता बोलत नसेल तर पुडीतले ओळखीचे दात साक्ष देतात. सगळे दात कागदावर मांडा आणि सारखे दिसणारे वेगळे करा. जाड, त्रिकोणी, कडा गुळगुळीत आणि मुख्य टोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटं टोक असा दात ओटोडस ऑब्लिकस या नामशेष शार्कचा असतो. तो दिसला की माल बहुतेक मोरोक्कोतल्या खुरिबगा भागातल्या फॉस्फेट खाणींचा आहे असं समजा. तिथे 1921 पासून खाणकाम सुरू आहे आणि बाजारातले स्वस्त दात मोठ्या प्रमाणात तिथूनच येतात. बुटका, एका बाजूला कललेला, कडांना बारीक करवत असलेला आणि बाजूची टोकं नसलेला दात स्क्वालिकोरॅक्स या शार्कचा, म्हणजे क्रेटेशियस काळातला (डायनासोरांचा शेवटचा काळ). मोठी करवत असलेले, पण टोकाजवळ करवत संपलेली दिसते असे हेमिप्रिस्टिस शार्कचे दात आणि मेगालोडॉन या महाकाय शार्कचे तुकडे एकत्र असतील तर माल मायोसीन ते प्लायोसीन काळातला, म्हणजे मोरोक्कोच्या फॉस्फेटपेक्षा बराच अलीकडचा. काळे-राखाडी, नदीत घासलेले असे दात बहुतेक अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या बाजूचे असतात.

मोरोक्कोच्या एकाच पुडीत ओटोडस आणि स्क्वालिकोरॅक्स दोन्ही निघू शकतात. त्या खोऱ्यातले फॉस्फेटचे थर क्रेटेशियसच्या शेवटापासून इओसीनच्या सुरुवातीच्या भागापर्यंतचे आहेत, म्हणजे साधारण 7 कोटी ते 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचे, आणि खाणीत वेगवेगळ्या थरांतला माल एकत्र होतो. त्यामुळे शेजारच्या दाताचं वय अनोळखी तुकड्याला चिकटवू नका. पुडीतून प्रदेश कळतो, नेमका थर कळत नाही.

याच देशातून आणखी एका ठिकाणचा माल येतो. आग्नेयेकडच्या केमकेम भागातला हा माल फॉस्फेटचा नाही. तो क्रेटेशियसच्या मधल्या काळातल्या नद्यांचा आहे, साधारण 10 कोटी ते 9.5 कोटी वर्षांपूर्वीचा. खाचांत लालसर वाळू अडकलेली असेल तर तिकडे लक्ष द्या. फॉस्फेटच्या मालात फिकट पिवळसर, हाताने कुस्करणारी वाळू असते. तुकड्याच्या भेगांत अडकलेली वाळू हा तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा पुरावा आहे. तो धुऊन टाकण्याआधी चिमूटभर वाळू छोट्या झिप पाकिटात काढून ठेवा.

लागणारं सामान

दहापट भिंग इतवारीच्या सराफा बाजारात मिळतं. सोनार वापरतात तेच. काच 18 ते 20 मिलिमीटर व्यासाची घ्या, त्याहून लहान काचेतून नवख्या डोळ्याला पटकन काही सापडत नाही. एक व्हर्निअर कॅलिपर, 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च, मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक, आरओचं पाणी, राखाडी कागद आणि मिलिमीटरची पट्टी. बोअरचं पाणी धुण्यासाठी नको. त्यातले क्षार सुकल्यावर पांढरा थर सोडतात, आणि मग तो थर मूळचा की पाण्याचा असा नवा घोळ होतो. यूव्ही टॉर्च स्वस्तात जांभळा उजेड देणारा मिळतो, पण तो बहुतेक 395 नॅनोमीटरचा असतो. त्याचा दिसणारा उजेडच इतका की तुकडे जोडायला वापरलेल्या डिंकाची चमक त्यात बुडून जाते.

धुण्याआधी फोटो

तुकडा राखाडी कागदावर ठेवा. पट्टी त्याच्या वरच्या पातळीत येईल अशी खाली काहीतरी टेकवून उचला. पट्टी खाली आणि तुकडा वर असला की मापं चुकतात. उजेड वरून डावीकडून, तिरपा हवा. सकाळी खिडकीजवळ, पण उन्हाची थेट तिरीप नसलेली जागा उत्तम. फ्लॅश बंद. फोन जवळ नेऊन फोटो धूसर येत असेल तर फोन मागे घ्या आणि नंतर फोटो कापा. डिजिटल झूममध्ये बारीक रेघा पुसल्या जातात.

सहा बाजूंचे सहा फोटो हवेत: पुढची, मागची, दोन्ही कडा, वरचं टोक आणि खालचा भाग. सातवा फोटो तुटलेल्या जागेचा. लोक नेमका तोच काढत नाहीत, तुटकी बाजू कुरूप दिसते म्हणून. आतली रचना मात्र तिथेच उघडी असते. ओळख करून देणारा माणूस पहिल्यांदा तोच फोटो मागतो.

मग लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये लिहा.

धुणं, आणि कधी धुवायचं नाही

थेट पाण्यात बुडवू नका. मोरोक्कोच्या मालात तुटलेले तुकडे डिंक आणि वाळू यांच्या लगद्याने जोडण्याची पद्धत जुनी आहे, आणि असा लगदा पाण्यात विरघळू शकतो. ओल्या कापसाच्या बोळ्याने एक कोपरा टिपा आणि दोन मिनिटं थांबा. कोपरा चिकट झाला, मऊ पडला किंवा रंग बोळ्यावर आला, तर तिथे माणसाचा हात फिरला आहे. तुकडा कोरडाच ठेवा. काही झालं नाही तर आरओच्या पाण्यात ब्रश बुडवून हलक्या हाताने घासा आणि अडकलेली माती टूथपिकने काढा. सुई किंवा टाचणी वापरू नका. स्टीलच्या टोकाने ओढलेली ताजी रेघ आणि दाताची मूळची रेघ यांत पुढे गोंधळ होतो.

सुकवणं सावलीत, पंख्याखाली नको. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर ठेवलेला दात तासाभरात सुकतो खरा, पण डेंटिन, म्हणजे दाताचा आतला गाभा, बाहेरून आकसतं आणि आतून ओलं राहतं, त्यामुळे उभ्या भेगा पडतात. कागदावर झाकून दोन दिवस राहू द्या.

व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर आणि मीठ-लिंबू यांत भिजवायचं नाही. दात आणि हाड कॅल्शियम फॉस्फेटचे असतात आणि ॲसिडमध्ये पृष्ठभाग खडूसारखा होतो. एकदा झाला की परत येत नाही.

कशाचा बनला आहे?

या भागावर वेळ घालवा. इथे बरोबर उत्तर मिळालं की पुढचे तीन चतुर्थांश पर्याय गळून पडतात.

तुटलेल्या जागेवर भिंग लावा. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि वस्तू जवळ आणायची. वस्तूजवळ भिंग धरून डोळा लांब ठेवला तर काहीच दिसत नाही. दाताच्या बाहेरच्या बाजूला पातळ, काचेसारखं चमकणारं आवरण (एनॅमल) दिसेल आणि आत घट्ट, एकसारखा गाभा. हाडात तसं आवरण नसतं. आत बारीक नळ्यांची तोंडं ठिपक्यांसारखी दिसतात आणि मध्यभागी जाळीदार, भोकाळ भाग असतो. कासवाच्या पाठीच्या तुकड्यात बाहेर घट्ट, मध्ये जाळीदार आणि पुन्हा घट्ट असे तीन पदर असतात. शिंपल्यात समांतर थर. साध्या दगडात दाणे किंवा स्फटिक, आणि बाहेर-आत काही फरक नाही.

पोरकट वाटली तरी उपयोगी चाचणी म्हणजे पाण्याचा थेंब. तुटलेल्या कोरड्या भागावर थेंब ठेवला की हाड तो शोषून घेतं, तर घट्ट दगड आणि एनॅमल यांवर थेंब टिकतो. जीभ लावून बघायची जुनी पद्धत बऱ्याच जणांना माहीत असते. खरेदी केलेल्या मालावर डिंक, रंग आणि काय काय चोपडलेलं असतं, तेव्हा जीभ नको.

त्यानंतर व्हिनेगरचा एकच थेंब, तोही नको असलेल्या बाजूच्या खरवडलेल्या भुकटीवर, तुकड्यावर नाही. बुडबुडे आले तर तो चुनखडीचा पदार्थ: शिंपला, प्रवाळ, किंवा माशाच्या कानातला ओटोलिथ. फॉस्फेट असे बुडबुडे सोडत नाही. हाडाच्या भोकांत कॅल्साइट भरलेलं असेल तर थोडे बुडबुडे येतात. म्हणून भुकटी नक्की कुठली ते बघून घ्या.

घनता काढायला दहा मिनिटं लागतात आणि राळेची (रेझिनची) नक्कल लगेच पकडली जाते. तुकड्याचं वजन घ्या. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा. तुकडा बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला लागणार नाही असा धरा. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घनसेंटिमीटर त्याचं आकारमान. वजन 6.30 ग्रॅम आणि आकडा 2.25 आला, तर घनता 6.30 भागिले 2.25, म्हणजे 2.8. दात-हाडातलं ॲपाटाइट साधारण 3.1 ते 3.2, कॅल्साइट 2.71, क्वार्ट्झ 2.65 आणि राळ 1.1 ते 1.2. खऱ्या जीवाश्म दातात भोकं असल्यामुळे आकडा ॲपाटाइटच्या थोडा खाली येतो. दीडच्या आसपास आला तर संशय घ्या. या चाचणीत दोन चुका होतात. तुकड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आकारमान फुगवतात. बुडवण्याआधी ओला करून बोटाने चोळा. आणि अर्ध्या ग्रॅमपेक्षा हलक्या तुकड्यावर या काट्याने आलेल्या आकड्यावर विसंबू नका.

पांढराशुभ्र, हलका आणि ताजा वाटणारा दात किंवा काटा आला तर तो जीवाश्म नसून आजच्या माशाचा असू शकतो. तुटक्या जागेची चिमूटभर भुकटी तापलेल्या सुईवर टेकवा. जळलेल्या केसाचा वास आला तर आत अजून प्रथिनं आहेत. करवत माशाच्या बाबतीत हे विशेष बघा. तो भारतीय वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे आणि त्याच्या आजच्या करवतीचे काटे बाळगणं-विकणं हा गुन्हा ठरतो. जीवाश्म आणि आजचा काटा यांतला फरक म्हणून केवळ हौसेचा राहत नाही.

दात निघाला, पण कुणाचा?

एनॅमल दिसलं, म्हणजे दात. आता खालचं टोक बघा. शार्कच्या दाताचं मूळ चपटं, भोकाळ आणि बहुधा दोन फाट्यांचं असतं. मूळ आणि मुकुट (मुळावरचा एनॅमलचा भाग) यांची सीमा स्पष्ट असते. खाली गोल, पोकळ किंवा भरलेला खड्डा असेल तर तो सरपटणाऱ्या प्राण्याचा शंकूसारखा दात असण्याची शक्यता मोठी. त्या पोकळीत नवीन दात वाढत होता किंवा मगज होता.

मग मुकुटाचा आडवा छेद. दोन्ही बाजूंना दोन धारदार कडा, मुकुटावर उभ्या चपट्या पैलूंच्या पट्ट्या, आणि खाली फुगीर, जाडजूड मूळ: मोसासॉर हा समुद्री सरपटणारा प्राणी. गोल छेद, सडपातळ, लांब, उभ्या बारीक रेघांनी भरलेला आणि कडा नसलेला: प्लेसिओसॉर, हाही समुद्री सरपटणारा प्राणी. कडा आहेत पण पैलू नाहीत आणि बारीक सुरकुत्या आहेत: खुरिबगाच्या मालात डायरोसॉर नावाच्या मगरीच्या नातलगाचा विचार करा. मोसासॉर आणि प्लेसिओसॉर क्रेटेशियसच्या शेवटी, 6.6 कोटी वर्षांपूर्वी संपले. तुमच्या पुडीत स्क्वालिकोरॅक्सच नसेल आणि सगळे दात इओसीनचे असतील, तर मोसासॉरचं नाव घेण्याआधी दोनदा विचार करा.

सगळ्यात जास्त घोटाळा एन्कोडसवर होतो. हा एक शिकारी मासा. त्याचा टाळूचा सुळा लांब, किंचित एस-आकारात वळलेला, एका बाजूला धारदार, दुसऱ्या बाजूला गोलसर, आणि छेद असमान असतो. खाली बहुधा टाळूच्या हाडाचा तुकडा चिकटलेला असतो. विक्रेते याला 'कटारी-दात' वगैरे नावं देतात. बऱ्याच घरांत तो डायनासोरचा दात म्हणून काचेच्या पेटीत बसला आहे. छेद समान की असमान एवढं बघितलं तरी मोसासॉर आणि एन्कोडस वेगळे होतात.

एक सेंटिमीटरच्या आसपासचा, चपटा, आकड्यासारखा वाकलेला लहान तुकडा निघाला तर तो स्टेफॅनोडस या नावाने ओळखला जातो. माशाच्या घशातल्या भागावरचा हा दात आहे, जबड्यातला नाही. नख म्हणून त्याची चूक सारखी होते.

आणि शार्कचेच काही दात दातासारखे दिसत नाहीत. हेक्झॅन्कससारख्या शार्कच्या खालच्या जबड्यातला दात लांबट असतो आणि त्यावर ओळीने अनेक टोकं असतात. तो जबड्याचा तुकडा वाटतो, पण सगळी टोकं एकाच मुळावर उभी असतात. जबड्याच्या कोपऱ्यातले दात बुटके आणि विचित्र असतात, रोग किंवा इजा झालेले दात वाकडे असतात. मुळाची रचना शार्कची असेल तर मुकुटाच्या विचित्रपणाला फार भुलू नका.

सगळ्यात जास्त वेळा निघणारं कोडं: पाकटाच्या तोंडातली फरशी

लांबट, चपटी पट्टी. एक बाजू गुळगुळीत, झिजलेली, तपकिरी चमक असलेली. उलटी केली की दुसऱ्या बाजूला फणीसारखे समांतर, बारीक, सारख्या अंतरावरचे उभे खाचखळगे. लोकांना हे कधी ट्रायलोबाइट (किड्यासारखा दिसणारा नामशेष समुद्री प्राणी) वाटतं, कधी मॅमथचा दात, कधी एखाद्या यंत्राचा भाग. हा पाकटाचा, म्हणजे मायलिओबॅटिससारख्या चपट्या, लांब शेपटीच्या माशाचा दात आहे. हे मासे शिंपले फोडून खातात. दात एकमेकांत घट्ट अडकून सपाट फरशी तयार होते, नवे दात मागून पुढे सरकतात आणि पुढचे झिजून गळतात. गुळगुळीत बाजू चावण्याची, फणीची बाजू मुळाची.

ट्रायलोबाइट का नाही, तेही सांगून टाकू, कारण मोरोक्कोतून ट्रायलोबाइटही विकायला येतात आणि शंका रास्त आहे. ते सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीच संपले आणि तिथले बरेचसे त्याहून जुन्या, डेव्होनियन काळातल्या कठीण चुनखडीतून निघतात. फॉस्फेटच्या सुट्या वाळूत ते येत नाहीत. शिवाय त्यांच्या अंगात मधली आणि दोन बाजूंच्या अशा तीन पट्ट्या असतात, आणि व्हिनेगरची चाचणी वेगळी उतरते.

पट्टीची टोकं बघितली की आणखी थोडं पुढे जाता येतं. दोन्ही टोकं तिरकी, कोन असलेली आणि पट्टी तोंडातल्या पुढे-मागच्या मापापेक्षा कितीतरी पट रुंद असेल, तर ती मधल्या ओळीतली आहे आणि तिच्या टोकांना बाजूचे छोटे षटकोनी दात अडकत होते; हे मायलिओबॅटिसचं लक्षण. बाजूचे दात अडकायची जागाच नसेल, पट्ट्यांची एकच ओळ असेल, तर एटोबॅटस. तुकडा मधूनच तुटला असेल आणि एकही टोक शिल्लक नसेल तर इथेच थांबा. 'मायलिओबॅटिसच्या कुळातला, मधल्या ओळीतला दात, अपूर्ण' हे लेबल पूर्ण प्रामाणिक आणि पुरेसं आहे.

पाकटाच्या शेपटीचा काटाही पुडीत येतो. चपटा, लांब, दोन्ही कडांना करवत, आणि करवतीचे दात टोकाकडे नाही तर बुडाकडे वळलेले. लांबीत खोबण असते. एनॅमलचा मुकुट वेगळा दिसत नाही, म्हणून तो दात नाही हे लगेच कळतं. केमकेमच्या मालात ऑन्कोप्रिस्टिसच्या करवतीचे काटे येतात. त्यांच्या टोकाजवळ मागच्या बाजूला एक आकडा असतो. आजच्या करवत माशाच्या काट्याला असा आकडा नसतो.

मणके, विष्ठा आणि इतर गोळे

गोल चकती, दोन्ही तोंडं आत खोल गेलेली, वर्तुळाकार रेघा: मणका. शार्कचा की हाडाळ माशाचा ते कडेवर ठरतं. शार्कच्या मणक्याला काटे जोडलेले नसतात. कडेला चार खड्डे किंवा सबंध घेराला उभ्या फटी असतात. हाडाळ माशाच्या मणक्यात कड जाळीदार, आणि वर-खाली तुटलेल्या काट्यांचे खुंट राहिलेले दिसतात.

पेन्सिलच्या तुकड्याएवढा, गुंडाळी घातल्यासारखा गोळा बहुधा कोप्रोलाइट, म्हणजे दगड झालेली विष्ठा. शार्कच्या आतड्यात सर्पिल पडदा असतो, म्हणून विष्ठाही सर्पिल होते. गुंडाळी दिसत नसेल आणि तुटक्या जागी हाडाची जाळी नसेल, तर तो फॉस्फेटचा साधा खडा असण्याची शक्यता जास्त. खडा म्हणायला कुणाला आवडत नाही, पण दर पुडीत तेच जास्त असतात.

फ्लोरिडाच्या मालात डायोडॉन माशाच्या तोंडातली पानांच्या चळतीसारखी प्लेट, ड्रम माशाचे गोल बटणासारखे दात, डुगाँगच्या (समुद्री गायीच्या) बरगडीचे तुकडे आणि देवमाशाच्या कानाचं अत्यंत घट्ट हाड येतं. बरगडीत मध्ये जाळी नसते, आरपार घट्ट असते. त्यामुळे ती दगड म्हणून फेकली जाते. घोड्याच्या दाताचा तुकडा निघाला तर एनॅमलच्या घड्या आत वळलेल्या दिसतात. तो शेजारच्या जमिनीवरच्या थरातून नदीत आलेला, समुद्राचा नव्हे.

बनावट आणि दुरुस्त केलेलं

सगळाच्या सगळा खोटा तुकडा क्वचित मिळतो. खऱ्याला खोटं जोडलेलं मात्र सर्रास. मोसासॉरचे खरे दात खोट्या जबड्यात बसवलेले, किंवा तुटक्या दाताला वाळू-डिंकाचं मूळ जोडलेलं असतं. भिंगाखाली गोल हवेचे बुडबुडे दिसले तर ती राळ. दात आणि मूळ यांच्या सीमेवर वाळूचे कण सरळ रेषेत थांबत असतील तर तिथे जोड आहे. अंधाऱ्या खोलीत यूव्ही टॉर्च मारला की डिंक बहुधा निळसर-पांढरा उजळतो. कॅल्साइटही उजळू शकतं, म्हणून नुसत्या उजळण्याकडे न बघता उजळलेल्या रेघेचा आकार बघा. भेगेबरोबर धावणारी, सांडल्यासारखी, बोटाच्या ठशांची चमक डिंकाची असते.

अॅसिटोनचा बोळा लावून डिंक काढण्याचा मोह आवरा. मोठा तुकडा उकलतो, आणि आतले लहान तुकडे कसे बसले होते ते कळत नाही. खरवडायचं असेल तर आधी फोटो.

दुसऱ्याला दाखवायचं तर

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य क्षेत्राचं मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा भूविज्ञान विभागही शहरात आहे. अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात, तुलनेसाठी खरे जीवाश्म बघून येता येतं. थेट तुकडा घेऊन दारात उभं राहण्याऐवजी आधी ई-मेल करा: सात फोटो, मापं, वजन, घनता, विक्रेत्याचं उत्तर आणि सोबतचे दात कोणते. एवढं दिलं की समोरच्याला दोन मिनिटांत मत देता येतं. 'हे काय आहे?' एवढंच लिहून एकच फोटो पाठवला तर उत्तर येत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही.

नागपूरकरांना एक खास पथ्य. शहराच्या हद्दीतच टाकळी आणि गिट्टीखदान इथल्या अंतर-ट्रॅपी (लाव्हाच्या दोन थरांमधल्या) गाळाच्या थरांतून मासे, बेडूक वगैरेंचे बारीक अवशेष वर्णन झाले आहेत. टाकळीचं काम तर स्टीफन हिस्लॉप यांनी 19 व्या शतकाच्या मध्यात सुरू केलं. चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा कोप्रोलाइटसाठी प्रसिद्ध आहे. त्यामुळे घरात एखादा जुना डबा असतो, त्यात कुणीतरी उचलून आणलेले दगड असतात, आणि पुडीतला तुकडाही त्यातच जातो. मिसळू नका. शहरातले अवशेष दख्खनच्या लाव्हाच्या काळातले, तळी-नद्यांतले आणि बहुतेक मिलिमीटरमध्ये मोजायचे आहेत. चार सेंटिमीटरचा समुद्री दात त्यांत कधीच बसत नाही. पण पुडीतला तुकडा 'नागपूरचा' म्हणून एकदा डब्यात गेला की पुढच्या माणसाला तो खोटा पुरावा ठरतो.

लेबल

आधी खात्रीने सांगता येईल तेवढंच नाव, मग प्रदेश, मग मापं. पाच ओळींत बसतं:

क्रमांक: 07
नाव: मायलिओबॅटिडी कुळ, मधल्या ओळीतला दात, अपूर्ण
प्रदेश: मोरोक्को, फॉस्फेट (विक्रेत्याच्या सांगण्यावरून, सोबत ओटोडस ऑब्लिकस)
मापं: 34 × 7 × 5 मिमी, वजन 2.1 ग्रॅम
घेतल्याची तारीख, कोणी ओळखला, कशावरून

'विक्रेत्याच्या सांगण्यावरून' हे शब्द गाळू नका. जात सांगायची घाई करू नका. कुळापर्यंत पोहोचलेलं लेबल बरोबर असतं, जातीपर्यंत ओढलेलं बहुधा चुकतं. लेबल पेन्सिलने किंवा न पसरणाऱ्या शाईने लिहा. नागपूरच्या जुलैतल्या दमटपणात बॉलपेन पसरतं. क्रमांक तुकड्यावर लिहायचा असेल तर न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइड बी-72 (संग्रहालयांत वापरतात ती ॲक्रिलिक राळ) चा पातळ ठिपका लावून त्यावर लिहा. 100 मिलिलिटर अॅसिटोनमध्ये 5 ग्रॅम एवढं द्रावण पुरतं. पावसाळ्यात ठिपका पांढुरका पडतो, कारण अॅसिटोन उडताना गार झालेल्या पृष्ठभागावर हवेतलं पाणी बसतं; तेव्हा हे काम कोरड्या दिवशी करा. फेविक्विक आणि अरल्डाइट मात्र लांब ठेवा.

वाळूचं ते झिप पाकीट तुकड्याच्याच डबीत, त्याच क्रमांकाने.